थर्मल कॅमेरा घ्यावा का? छपरातल्या उदमांजरापासून उसातल्या बिबट्यापर्यंत

विचारणारे गृहस्थ कोल्हापुरात पेस्ट कंट्रोलचं काम करतात, जोडीला सर्पमित्र म्हणूनही जातात. जुन्या घरांच्या छपरात उदमांजर, भिंतीत मधमाश्या, माळ्यावर काहीतरी पळतंय, असे फोन त्यांना हल्ली वरचेवर येतात. गावाकडूनही विचारणा होते: उसात बिबट्या बसलाय का बघून द्या, गवे रात्री कुठून उतरतात ते सांगा. एका विक्रेत्याने त्यांना सांगितलंय की थर्मल कॅमेरा घेतला की भिंतीपलीकडचं दिसतं, उसातलं दिसतं, आणि रेंज अठराशे मीटर आहे. त्यांचा प्रश्न असा की घ्यावा का, आणि घेतला तर कोणता.

माझं काम याच वळणाचं आहे. घरात शिरलेली जनावरं सुखरूप बाहेर काढायची, आणि वनखात्याच्या पथकाने हाक मारली तर मदतीला जायचं. त्यामुळे मत आधीच सांगून टाकतो. घरातल्या कामासाठी कॅमेरा जरूर घ्या, पैसे वसूल होतील. शेतातल्या कामासाठी स्वतःच्या खिशातून घेऊ नका. सापासाठी घेत असाल तर विचारच सोडा. हे तीन वेगवेगळे निकाल कशामुळे, ते कळलं की कुठला घ्यायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी विक्रेत्याचं वाक्य बाजूला काढू. थर्मल कॅमेरा भिंतीपलीकडचं बघत नाही. तो समोरच्या पृष्ठभागाचं तापमान बघतो, एवढंच. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण बाहेर टाकत असते, आणि आपल्या वापरातले कॅमेरे त्यातला साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा टिपतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). या पट्ट्यातले किरण गिलाव्यातून, प्लायवूडमधून, पीओपीतून किंवा उसाच्या पानातून पलीकडे येत नाहीत. साध्या काचेतूनसुद्धा येत नाहीत. गाडीची काच वर ठेवून रस्त्याकडेचा गवा बघायला जाल तर स्क्रीनवर तुमचाच चेहरा दिसेल. म्हणून तर या कॅमेऱ्यांची भिंगं काचेऐवजी जर्मेनियमची करतात.

मग भिंतीतल्या मधमाश्या दिसतात त्या कशा? पोळ्याची ऊब हळूहळू गिलाव्यात उतरते, बाहेरून तेवढा भाग एखाददोन अंशांनी गरम होतो आणि तो डाग कॅमेरा दाखवतो. माणूस उठून गेल्यावर गादी थोडा वेळ कोमट लागते, त्यातलाच प्रकार. म्हणजे तुम्ही जनावर बघत नसता, त्याने सोडलेली ऊब बघत असता. ती ऊब कुणाची, हे कॅमेरा सांगत नाही. ते तुम्हाला ठरवायचं असतं आणि सगळी कसब तिथेच लागते.

घरात ही कसब कामाला येते, कारण अंतर कमी असतं आणि पृष्ठभाग शांत असतो. शहरातल्या पेठांतली जुनी घरं घ्या. वर मंगलोरी कौलं, खाली वासे आणि रिपा, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत हौसेने केलेलं पीओपीचं सीलिंग. कौल आणि पीओपी यांच्यामधली हात-दीड हाताची पोकळी म्हणजे उदमांजराला आयतं घर. माणूस तिथे शिरू शकत नाही. पूर्वी आम्ही काठीने ठोकत, कान लावत अंदाज घ्यायचो. आता पहाटे खालून सीलिंगवर कॅमेरा फिरवला तर कुठल्या कोपऱ्यात काय आहे ते बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत कळतं.

पहाटे का, हे महत्त्वाचं आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी कौलं आणि पत्रे इतके तापतात की सगळं सीलिंग एकसारखं भाजलेलं दिसतं आणि जनावराचा डाग त्यात बुडून जातो. संध्याकाळी पत्रा पटकन निवतो, कौल त्याहून सावकाश, आणि जुन्या वाड्याची दगडी किंवा पांढऱ्या मातीची जाड भिंत मध्यरात्रीपर्यंत दिवसाची ऊब सोडत राहते. शिवाय उदमांजर रात्री बाहेर असतं. अंधार पडला की निघतं, उजाडायच्या आत परततं. घर सगळ्यात थंड आणि जनावर घरात, असा मेळ फक्त पहाटे बसतो, साधारण साडेपाच ते सूर्य कौलावर येईपर्यंत. गिऱ्हाइकाला हे पटवणं अवघड जातं. "दुपारी या की, तेव्हा सगळी असतात घरात" असं ते म्हणतात. दुपारी गेलात तर फी मिळेल, उत्तर मिळणार नाही.

संध्याकाळी मात्र वेगळं काम होतं. दिवेलागणीला समोरच्या गच्चीवर उभं राहून छपराकडे कॅमेरा लावायचा आणि व्हिडिओ चालू ठेवायचा. उदमांजर कुठल्या फटीतून बाहेर पडतं, आढ्यावरून कुठे जातं, आंब्याच्या फांदीवर उडी कुठून मारतं, सगळं दिसतं. जनावर कुठे झोपतं यापेक्षा ते कुठून ये-जा करतं ही माहिती माझ्या दृष्टीने जास्त मोलाची, कारण काम शेवटी त्या फटीवर करायचं असतं.

फसगत कशाने होते ते सांगतो, कारण माहितीपत्रकात हे कुणी छापत नाही. सोलरच्या गरम पाण्याचा पाइप भिंतीतून गेलेला असेल तर सरळ गरम रेघ दिसते. सीलिंगमधल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर छान गोल, गरम ठिपका दाखवतो, आणि दिवा बंद केल्यावरही काही वेळ दाखवत राहतो. पलीकडच्या खोलीतला फ्रिज भिंतीला टेकलेला असेल तर त्या जागी ऊब असते. म्हणून गेल्या गेल्या माझं पहिलं काम असतं, सीलिंगचे दिवे बंद करायचे आणि चहा घ्यायचा. अर्ध्या तासाने जे उरलेलं दिसतं त्याचा विचार करायचा. साधारणपणे सरळ रेघ आणि धारदार कड माणसाने केलेल्या वस्तूची असते. जनावराच्या डागाची कड विरघळल्यासारखी असते आणि तो डाग जागा बदलतो.

नवा चकचकीत पत्रा आणि सीलिंगखाली मारलेला चंदेरी फॉइल हा तर वेगळाच ताप आहे. चकचकीत धातू स्वतःची ऊब फारशी बाहेर टाकत नाही, समोरच्याची परत फेकतो. खालून कॅमेरा लावला की वर एक धूसर गरम आकृती दिसते. घरमालक घाबरतो. तुम्ही एक पाऊल डावीकडे सरका. आकृतीही सरकली, तर ते तुम्हीच आहात. गुळगुळीत टाइल्सवरही कमी प्रमाणात हेच होतं.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. ओल्या भिंतीतून पाणी उडून जात असतं, म्हणून ओल आलेला भाग आजूबाजूपेक्षा थंड दिसतो. मग त्याच्या शेजारचा साधा कोरडा तुकडा गरम असल्यासारखा उठून दिसतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अर्धी घरं ओलसर असतात. त्या दिवसांत मी डागावर विश्वास ठेवायला फार वेळ घेतो.

याहून मोठी फसगत रंगांची. कॅमेरा आपोआप समोरच्या चित्रातला सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम भाग शोधतो आणि त्यांच्यामध्ये सगळे रंग वाटून टाकतो. खोलीत गरम काहीच नसेल तर एका अंशाचा फरकसुद्धा निळ्यापासून लालभडकपर्यंत ताणून दाखवतो. गिऱ्हाईक ते लाल बघून म्हणतं, "बघा, मी म्हणत नव्हतो?" रंग बघू नका, अंश बघा. इंद्रधनुषी रंग बंद करून साधं काळं-पांढरं चित्र ठेवा, ज्यात गरम ते पांढरं. आणि तापमानाची मर्यादा हाताने बांधून टाका, म्हणजे एका खोलीतला पांढरा आणि दुसऱ्या खोलीतला पांढरा यांचा अर्थ सारखा राहतो. दाखवलेल्या अंशावरही शपथ घेऊ नका. या किमतीतले कॅमेरे प्रत्यक्ष तापमानात दोनएक अंश इकडेतिकडे असतात. पण शेजारशेजारच्या दोन जागांमधला अंशाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरकही ते बरोबर पकडतात. आपल्याला तो फरकच हवा असतो.

आता सर्पमित्र म्हणून तुमच्या कामाचं. साप स्वतःची ऊब तयार करत नाही. बिळातला नाग आणि बिळाची माती एकाच तापमानाची, त्यामुळे कॅमेऱ्याला तो तिथे नसतोच. ऊन खाऊन नुकताच सावलीत आलेला साप थोडा वेळ दिसेल, पण त्यावर भिस्त ठेवून लोकांना "इथे साप नाही" असं कधीही सांगू नका. (गंमत म्हणजे हे तंत्र सापांकडे आधीपासून आहे. आपल्या घाटातल्या चापडा या विषारी सापाच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधला खळगा भक्ष्याची ऊबच ओळखतो.)

तरीही सर्पमित्राला या कॅमेऱ्याचा एक उपयोग आहे, उलट्या बाजूने. "माळ्यावर नाग फुसफुसतोय, रात्रभर" असा फोन तुम्हालाही आला असेल. असंच एक घर आठवतं, रंकाळ्याच्या बाजूचं. कौलारू माळा, एका टोकाला जुनी भांडी आणि मोडका पाळणा, आणि तिकडून खरोखर अंगावर काटा येईल असा सततचा फुसकारा. खाली अख्खी गल्ली जमलेली. जिन्याच्या वरच्या पायरीवरून कॅमेरा लावला तर पाळण्यामागे तीन पांढरे गोळे, एकमेकांना चिकटलेले, एक मोठा आणि दोन त्याहून लहान. गोळ्यांचा मधला भाग फिकट आणि तोंडाकडचा भाग ठळक, कारण पिसांनी ऊब आत धरून ठेवलेली असते आणि चेहरा त्या मानाने उघडा असतो. गव्हाणी घुबडाची पिल्लं होती ती. ही पिल्लं भूक लागली की आणि घाबरली की अशीच फुसफुसतात. एवढं गरम म्हणजे साप नव्हे, हे दोन सेकंदांत ठरलं आणि माळ्यावर कुणी हुक घेऊन चढलं नाही. घरच्यांना समजावलं की ही उंदीर खाणारी आहेत, काही आठवडे तो कोपरा सोडा, उडून जातील. आजीबाईंना घुबड म्हणजे अपशकुन वाटत होता. त्यांचं मन वळवायला कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

मधमाश्यांचं काम मात्र या कॅमेऱ्याने सगळ्यात सोपं केलं. सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्या, भिंतीच्या पोकळीत, जुन्या कोनाड्यामागे, मीटरच्या पेटीत घर करतात. अंडी-पिल्लं असलेला पोळ्याचा भाग माश्या ३४-३५ अंशांच्या आसपास राखतात, बाहेर थंडी असो की पाऊस. त्यामुळे डाग सकाळी, संध्याकाळी, डिसेंबरात, कधीही तिथेच असतो आणि हलत नाही. बाहेरचं भोक एकीकडे आणि पोळं तिथून तीन-चार फूट लांब, असं कितीदा तरी निघतं. भोकाजवळ भिंत फोडणारा गवंडी उगाच भिंत फोडतो. डागाची कड खडूने आखून घ्या आणि तेवढंच उघडा. आणि कृपा करून औषध मारू नका. मेलेल्या माश्या आणि मध भिंतीत सडतो, मुंग्या लागतात, ते निस्तरायला परत तुम्हालाच बोलावतील. आपल्या जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातलं पाटगाव तर मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. त्या बाजूला सातेरीची वसाहत पेटीत घेणारी माहीतगार माणसं आहेत. दोघं मिळून काम करा. आग्या मोहोळाचा प्रश्न वेगळा आहे. ते उघड्यावर असतं, ते बघायला कॅमेरा लागत नाही आणि त्याला हात घालायला अनुभवी माणूस लागतो.

डाग सापडल्यावर पुढे काय, हा भाग बहुतेकजण गाळतात. उदमांजराचा एक मोठा डाग दिसला तर ठीक. मोठ्या डागाशेजारी छोटे डाग दिसले किंवा मोठा डाग रात्री बाहेर गेल्यावरही उबेचा एक पुंजका मागे राहिला, तर आत पिल्लं आहेत. अशा वेळी फट बंद करणं म्हणजे आईला बाहेर आणि पिल्लांना आत कोंडणं. पिल्लं मरतात, वास सुटतो, आई कौलं उचकटते. पिल्लं आईमागे बाहेर पडू लागेपर्यंत थांबायचं. मग बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही असं झुलतं दार फटीला लावायचं, आणि दोन-तीन रात्री आत काही हललं नाही की फट कायमची बुजवायची. मी कॅमेऱ्यासोबत नेहमी दोन स्वस्त गोष्टी बाळगतो. एक, मोबाइलला जोडायचा वायरवाला एंडोस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला बारीक साधा कॅमेरा. थर्मल कॅमेरा कुठे ते सांगतो, एंडोस्कोप काय ते दाखवतो. दुसरी, चाळलेली राख किंवा रांगोळी. फटीच्या तोंडाशी पातळ थर पसरला की सकाळी पाऊल उमटलेलं असतं, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

इथपर्यंतचं सार असं: अंतर चार-पाच मीटर, वेळ पहाटेची, दिवे बंद, चित्र काळं-पांढरं, आणि डागाची खातरजमा दुसऱ्या साधनाने. एवढं पाळलं तर साधा कॅमेराही पुरतो.

आता घराबाहेर येऊ. इथे गणित करावं लागतं, पण सोपं आहे. मोबाइलला लावायचा साधारण कॅमेरा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा (पिक्सेलचा) आणि पन्नासएक अंशांच्या कोनाएवढं रुंद बघणारा धरा. तीन मीटरवर त्याचा एक ठिपका साधारण एक सेंटीमीटरचा होतो, म्हणून सीलिंगवर उत्तम. शंभर मीटरवर तोच ठिपका साधारण ३६ सेंटीमीटरचा होतो. बिबट्या तीन ठिपक्यांत आटोपला. तीन ठिपक्यांवरून तो बिबट्या आहे, कुत्रा आहे की बांधावर बसलेला माणूस, हे कोण सांगणार?

विक्रेत्याचे अठराशे मीटर कुठून आले तेही यातच आहे. एकेक ठिपका १२ मायक्रॉनचा असलेला सेन्सर आणि २५ मिलिमीटरचं भिंग असलेल्या दुर्बिणीसारख्या कॅमेऱ्यात शंभर मीटरवर ठिपका जेमतेम पाच सेंटीमीटरचा असतो. उभ्या माणसाची उंची १.८ मीटर धरली तर अठराशे-एकोणीसशे मीटरवर तो दोन ठिपक्यांचा उरतो. बऱ्याच माहितीपत्रकांत यालाच रेंज म्हणतात, म्हणजे "तिथे काहीतरी गरम आहे" एवढं कळण्याचं अंतर. कुठल्या प्रकारचं जनावर आहे हे ओळखायला आठएक ठिपके लागतात, आणि नक्की तेच हे म्हणायला त्याहून जास्त. बिबट्याची खांद्यापाशी उंची ६०-७० सेंटीमीटर. म्हणजे त्याच महाग कॅमेऱ्याने उघड्या माळावर, कोरड्या हवेत, तो ओळखू येईल दीडशे-पावणेदोनशे मीटरपर्यंत. पाऊस आणि धुकं आलं की यातूनही वजा करा. राधानगरी-दाजीपूरकडे पावसाळ्यात काय परिस्थिती असते ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि हे उघड्या माळाचं झालं. आपल्याकडचा प्रश्न उसाचा आहे. दहा फुटी ऊस, पाचट लोंबतंय, सऱ्या एकमेकींत मिसळलेल्या. कॅमेऱ्यासमोर पहिली दोन-तीन रांगांची पानं येतात आणि तो त्या पानांचं तापमान इमानदारीने दाखवतो. आत चार हातांवर बिबटीण पिल्लं घेऊन बसली असेल तरी नाही दिसणार. याचा धोका नीट समजून घ्या: तुम्ही बांधावरून कॅमेरा फिरवून "काही नाही" म्हणालात आणि त्या भरवशावर तोडणी टोळी फडात शिरली, तर जबाबदारी कुणाची? दिसलं तर आहे, एवढंच हा कॅमेरा उसाबाबत सांगू शकतो. "नाही" सांगायचा अधिकार त्याला नाही. थर्मल ड्रोनने वरून थोडं बरं दिसतं, लहान ऊस, खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस), तुटत आलेला फड अशा ठिकाणी. दाट झालेल्या फडावर वरूनही पानांचं छतच दिसतं. शिवाय ड्रोन विमानतळाजवळ उडवणं, अभयारण्याच्या हद्दीत उडवणं याला परवानग्या लागतात. उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या किती जवळ आहे ते विसरू नका.

गव्याच्या बाबतीत मात्र कॅमेरा चांगला चालतो. जनावर भलंमोठं, सातशे-आठशे किलोंच्या पुढचं, आणि रात्री उघड्या गवतात किंवा कोवळ्या पिकात चरायला उतरतं. दुर्बिणीसारख्या कॅमेऱ्याने तीनशे मीटरवर कळप मोजता येतो. पण मोजून करायचं काय? हाकलायचं असेल तर कॅमेरा घरी ठेवा. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा आठवा. माणसांच्या गर्दीने पळवून पळवून त्याची दमछाक झाली आणि पकडल्यानंतर तो मेला. त्याला शोधायला थर्मल लागत नव्हता, लोकांना आवरायला माणसं लागत होती. कॅमेऱ्याचा खरा उपयोग इथे असा की कळप कुठे आहे हे अंधारात, बॅटऱ्या न मारता, पथकाला कळतं. मग त्या बाजूचा रस्ता मोकळा करायचा, गाड्या थांबवायच्या, बघ्यांना मागे न्यायचं आणि कळपाला आल्या वाटेने परत जाऊ द्यायचं. आजरा-चंदगडकडे हत्तीच्या बाबतीतही हेच. हत्ती अंधारात वीस मीटरवर शांत उभा असतो आणि माणसाला पत्ता नसतो, तिथे पथकाकडे असा कॅमेरा असणं जीव वाचवणारं आहे. पण तो पथकाकडे असावा.

हे मी वारंवार का म्हणतोय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, आणि यांतलं काही करायचा प्रयत्नही त्यात येतो. गवा, बिबट्या, हत्ती त्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. रात्री जंगलाच्या कडेला थर्मल दुर्बीण घेऊन फिरणारा माणूस वनरक्षकाला दिसला तर त्याच्या मनात पहिली शंका शिकारीचीच येणार, आणि त्यात त्याची चूक नाही. त्यामुळे गावाकडचा फोन आला की आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा तुमच्या परिक्षेत्र कार्यालयात कळवा. त्यांनी बोलावलं तर जा, आणि गेलात तर त्यांच्या माणसाच्या मागे उभे राहा. घरातल्या उदमांजराच्या कामाआधीही एक फोन करून ठेवा. ओळख होते आणि पुढे उपयोगी पडते. आणखी एक साधी गोष्ट: पेठेतल्या गल्लीत रात्री कॅमेरा फिरवताना शेजाऱ्यांच्या खिडक्या-अंगणं त्यात येतात. शेजाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर सकाळी भांडण ठरलेलं.

आता कोणता घ्यायचा. तुमच्या वर्णनावरून घरातलं काम जास्त आहे, म्हणून मोबाइलला लावायचा २५६ बाय १९२ चा पुरे. याहून कमी, १६० बाय १२० वगैरे, घेऊ नका. सीलिंगचे कोपरे त्यात नीट कळत नाहीत. फ्रेमचा वेग बघून घ्या. सेकंदाला ९ चित्रांचा कॅमेरा स्थिर डागाला चालतो, पण आढ्यावरून पळणारं उदमांजर त्यात फरपटल्यासारखं दिसतं. २५ चा मिळाला तर तोच घ्या. बहुतेक कॅमेऱ्यांत आतला पडदा मधूनमधून टक् करून पडतो आणि चित्र क्षणभर गोठतं. ते बिघाड नाही, कॅमेरा स्वतःला जुळवून घेत असतो. तापमान मोजण्याची सोय हवीच. शिकारीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लांब भिंगाच्या काही दुर्बिणींत ती नसते आणि जवळचं फोकसही होत नाही. त्या किमतीने दुप्पट-चौपट असूनही तुमच्या कामाच्या नाहीत.

पैसे घालण्याआधी हात बसवायचा असेल तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चौकशी करा. इलेक्ट्रिकल पॅनेल तपासणाऱ्या कंत्राटदारांकडे थर्मल कॅमेरे असतात, एखादा सकाळपुरता भाड्याने किंवा ओळखीने देतो. फक्त तो कारखान्यातून आलेला असला तर मोजण्याची पट्टी कित्येकशे अंशांवर लावलेली असू शकते. ती खालच्या पट्टीवर आणा, नाहीतर सगळं सीलिंग एकाच रंगाचं दिसेल. आधी स्वतःच्या घरावर सराव करा: सोलरचा पाइप शोधा, दिवा विझवून त्याचा डाग किती वेळ टिकतो ते बघा, मांजर सोफ्यावरून उठल्यावर काय उरतं ते बघा. आठवडाभर हे केलं तर माहितीपत्रकातलं अर्धं आपोआप कळतं.

खरेदी करायला जाताना तुमचाच मोबाइल घेऊन जा आणि दुकानात कॅमेरा लावून पंधरा मिनिटं चालू ठेवा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी, म्हणजे बाहेरचं उपकरण जोडायची सोय, सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापरलं नाही की आपोआप बंद होतं. शिवाय कॅमेरा फोनचीच बॅटरी खातो. पहाटे शिडीवर, एका हाताने वासा धरलेला असताना सेटिंग्ज उघडायची वेळ येऊ नये, म्हणून हे खालीच, दुकानात, तपासून घ्या.